डाव्या बाजूचा शॉकप

आमच्या पिकपचे तीन शॉकप कंपनीचे होते, आणि चौथा कुठल्या गाडीचा होता ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. तो आपल्या गाडीचा नव्हे एवढं कळायलाच गाडी घेतल्यापासून अडीच वर्षं गेली, आणि तेही फुटक्या बाटल्यांमुळे कळलं.

माझं माहेर बेळगावजवळचं येळ्ळूर. लग्न होऊन मी निपाणीला आले ती थेट सोडावॉटरच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे रस्त्याकडेची एक लांबट खोली. तिच्यात बाटल्या भरायचं हातानं फिरवायचं मशीन, ग्यासचं नळकांडं, बाटल्या धुवायचा दगडी हौद, आणि भिंतीला एक फळी. फळीवर लेमन, जिंजर आणि रासबेरीच्या अर्काच्या बाटल्या. खोलीच्या मागं आमचं घर. घरात माणसं तिघंच: माझे यजमान, त्यांचे वडील आणि मी. सासऱ्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं, मीही आप्पाच म्हणायची. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. त्यामुळे घरात मला अडवणारं कुणी नव्हतं आणि शिकवणारंही कुणी नव्हतं.

आप्पा मशीन फिरवायचे, हे माल पोचवायचे आणि मी बाटल्या धुवायची. अर्क बरोबर मिसळला का ते जिभेवर थेंब ठेवून सांगायचं काम हळूहळू माझ्याकडं आलं. आप्पांची जीभ तंबाखूनं बोथट झाली होती, आणि ह्यांना काहीही दिलं तरी चांगलंच लागायचं.

माल पूर्वी बैलगाडीनं जायचा. दुसरी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी बेळगावातला एक गोरा इंजिनियर आपल्या देशी परत निघाला, तेव्हा त्याची जुनी पिकप ह्यांनी घेतली. पुढं दोन माणसं बसतील एवढी जागा आणि मागं उघडा हौदा. गाडी तेव्हाच दहा-बारा वर्षांची होती. ती दारात उभी राहिली त्या दिवशी आप्पा तिच्याभोवती दोनदा फिरले, टायरला हात लावून बघितला आणि म्हणाले, "बैलाला निदान वैरण तरी दारची घालता येती." पण दुसऱ्या आठवड्यापासून पुढच्या सीटवर बसायची घाई त्यांनाच जास्त असायची.

पुढं पेट्रोल कुपनावर मिळायला लागलं, तशी गाडी आठवड्यातनं एकदाच निघायची, संकेश्वरच्या बाजाराला. निपाणी सोडली की तवंदीचा घाट लागतो. त्या वाटेवर आमच्या बाटल्या फुटायच्या. गोटीच्या बाटलीत ग्यास कोंडलेला असतो. तिला जोराचा हादरा बसला की ती नुसती तडकत नाही, बार उडाल्यासारखी फुटते आणि शेजारच्या दोन बाटल्यांनाही घेऊन जाते. हे बाजार करून आले की हौदा झाडायचं काम माझं. आधी मी नुसती झाडायची. मग एक दिवस माझ्या ध्यानात आलं की काचा दर खेपेला एकाच कोपऱ्यात सापडतात, मागच्या डाव्या. मी पेट्या बदलून बघितल्या. जुन्या बाटल्या उजवीकडं ठेवल्या, नव्या जाड बुडाच्या डावीकडं. फुटल्या त्या डावीकडच्या नव्याच.

जेवताना मी ह्यांना सांगितलं.

"रस्ता खराब हाय," हे म्हणाले. "त्येला आपण काय करणार?"

"रस्ता चारी चाकांखाली एकच हाय न्हवं? मग बाटल्या एकाच कोपऱ्यातल्या का फुटाव्यात?"

आप्पा ताटावरून मान वर न करता म्हणाले, "उद्या मिस्त्रीला दाखीव."

मिस्त्री म्हणजे रस्त्याच्या वळणावर चिंचेखाली गाड्या दुरुस्त करणारा एक वयस्कर माणूस. तरुणपणी त्यानं बेळगावच्या एका मोठ्या मोटार वर्कशॉपात काम केलं होतं. दुसऱ्या दिवशी तो आमच्या दारात आला, गाडीखाली शिरला आणि बराच वेळ नुसते त्याचे पाय दिसत राहिले. बाहेर आल्यावर त्यानं हात पुसले.

"वहिनी म्हणत्यात ते खरं हाय," तो ह्यांना म्हणाला. "मागचा डावा शॉकप ह्या गाडीचा न्हायच. कुणीतरी दुसऱ्या गाडीचा आणून बसवलाय. त्येचा दांडा आखूड हाय म्हणून वर तार गुंडाळलीया. बाकीचे तीन कंपनीचे हायत, आणि चांगले हायत."

मी दारातनं विचारलं, "पण त्येचं काम काय असतंय?"

त्यानं मला चांगलं समजावून सांगितलं. खड्डा आला की चाकावरचा पोलादी पट्ट्यांचा कमानपाटा दबतो आणि लगेच उसळतो. उसळणाऱ्या पाट्याला धरून सावकाश सोडायचं काम शॉकपचं. लहान डब्याएवढा गोल लोखंडी गट्टू गाडीच्या सांगाड्याला बोल्टांनी बसवलेला, त्यातनं एक दांडा बाहेर आलेला, आणि दांड्याचं टोक खाली चाकाच्या कण्याला जोडलेलं. गट्टूच्या आत पातळ पदार्थ भरलेला असतो, त्यामुळे दांडा वर न्यायला हलका जातो आणि खाली ओढायला जड.

"ह्यो मेलेला हाय," मिस्त्री म्हणाला. "वर-खाली दोन्हीकडं हलका. पाटा आपला नाचतोय, आणि पाट्यावर तुमच्या बाटल्या."

नवा शॉकप मिळायचा प्रश्नच नव्हता. लढाईमुळं बाहेरून माल यायचा बंद झाला होता. जुन्या बाजारात कंपनीचा शोधायचा, एवढाच मार्ग. हे प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीनं बेळगावला गेले आणि तिथल्या जुन्या मोटारींच्या सामानाच्या दुकानातनं एक घेऊन आले. मिस्त्रीनं तो गाडीला लावून बघितला. दांडा चार बोटं लांब निघाला. पंधरा दिवसांनी हे पुन्हा गेले आणि दुसरा आणला. तो लांबीला अगदी बरोबर होता. हे खुशीत होते. मिस्त्रीनं दांडा धरून वर-खाली केला आणि परत ह्यांच्या हातात दिला.

"अण्णा, ह्यो दुसऱ्याच गाडीचा, आणि त्यातबी उजव्या बाजूचा. डाव्या बाजूला लावला तर ह्येचं सगळं उलटं चालंल. वर जड, खाली हलका."

त्या दिवशी हे नीट जेवले नाहीत. आप्पांना हसू येत होतं, पण त्यांनी ते मिशीत ठेवलं. हे स्वभावानं गरीब, पण आपण दोनदा जाऊन दोनदा चुकलो ही गोष्ट त्यांना लागली होती. हातात वस्तू धरून 'अशीच होती' म्हणायची त्यांची सवय. बाजारातनं माझ्यासाठी बांगड्या आणल्या तरी त्या कधी मनगटाला लागायच्या नाहीत.

मी म्हटलं, "उजवा काढून नमुना म्हणून न्यायचा काय?"

"मिस्त्री न्हाय म्हणतोय. बोल्ट गंजल्यात. काढताना तुटला तर चांगला हाय तोबी जाईल."

"मग कागदावर बेतू की."

माझी आई चोळ्या शिवायची. कुणाच्या अंगाचं माप घ्यायचं तर जुनी चोळी कागदावर पसरायची, कडेनं कोळसा फिरवायचा आणि कागद कापून ठेवायचा. डावी बाही आणि उजवी बाही वेगळी बेतावी लागत नाही. कागद उलटा केला की झालं. मला वाटलं, उजव्या शॉकपचा असा कागद केला आणि तो उलटा धरला तर डाव्याचं माप मिळायला काय हरकत आहे?

गाडीखाली शिरायचं कुणी हा प्रश्न होता. हे अंगानं थोराड. आप्पांचे गुडघे वाकायचे नाहीत. मिस्त्री कुठल्याशा लग्नाला आठ दिवस गावी गेला होता. शेवटी गाडी मागच्या परसात घेतली, आप्पांनी परसाचं दार लावून त्याला पाठ टेकली, आणि मी कासोटा घट्ट खोचून पोत्यावर उताणी होऊन मागच्या उजव्या चाकाजवळ सरकले. हे बाहेरनं कंदील धरून बसले, कारण दिवसाही खाली काळोखच होता.

आधी मी दांड्याचा आकार काढला. तो सरळ नव्हता, मध्ये किंचित वाकलेला होता, आणि ते वाकणं महत्त्वाचं असावं असं मला वाटलं, म्हणून तिथं मी दोनदा कोळसा फिरवला. मग गट्टूच्या पाठीवर बोट फिरवलं तर चिखलाखाली काहीतरी कोरलेलं लागलं. ओल्या फडक्यानं पुसून त्यावर पातळ पतंगाचा कागद धरला आणि कोळसा घासला. लहान मुलं पैशावर कागद ठेवून घासतात तसं. आकडे उमटले आणि शेवटी एक इंग्रजी अक्षर. मला इंग्रजी येत नव्हतं. मराठी चार इयत्ता झाल्यावर शाळा सुटली होती. पण आकृती ओळखायला इंग्रजी यावं लागत नाही.

त्याच वेळी माझ्या बोटाला काहीतरी चिकटलं. गट्टूला वरच्या बाजूला एक बूच होतं, त्याच्या कडेनं थोडं पाझरलं होतं. मला वाटलं तेल असेल. पण ओल्या फडक्याला लागल्याबरोबर ते धुऊन गेलं. तेल पाण्यानं जात नाही, हे बाटल्या धुणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको. मी बोट जिभेला लावलं.

"काय करतीस गं?" हे बाहेरनं ओरडले.

"गोड हाय," मी म्हटलं. "ग्लिसरीन हाय ह्यात."

रासबेरीच्या अर्कात आम्ही ग्लिसरीन घालायचो, त्यामुळे ती चव मला झोपेतही ओळखता आली असती. मिस्त्री गावाहून आला तेव्हा मी त्याला विचारलं.

"बरोबर हाय. कंपनी ग्लिसरीनच भरायची. पण हिकडं कोण भरतंय? सगळी एरंडेल घालत्यात, न्हायतर इंजनाचं जळकं तेल. आत ग्लिसरीन सापडलं तर समजायचं, त्येला कंपनीनंतर कुणी हात लावलेला न्हाय."

त्या आठवड्यात येळ्ळूरहून माझ्या भावाच्या मुलीच्या बारशाचं बोलावणं आलं. मी आवराआवर करत होते. हे माझ्यामागं येऊन उभे राहिले.

"जाता जाता बेळगावात उतरू या," म्हणाले. "ह्या येळंला तूच बघ."

लग्नाला सहा वर्षं झाली होती. कारखान्याच्या बाहेरच्या कामात त्यांनी मला 'तू बघ' असं म्हटलेलं मला त्याआधी आठवत नाही. मी मान डोलावली आणि पातळांची घडी पुन्हा उलगडून पुन्हा घातली. आप्पा कारखाना बघतो म्हणाले, आणि चुकून आणलेले ते दोन शॉकप आम्ही बदलून घ्यायला म्हणून पोत्यात बांधून बरोबर घेतले.

जुन्या सामानाचं दुकान म्हणजे पत्र्याच्या शेडखाली लोखंडाचे ढीग होते. दुकानदार म्हातारा होता. मराठी, कानडी आणि हिंदी एकाच वाक्यात बोलायचा. ह्यांना बघून तो म्हणाला, "आलं काय पुन्हा?" मग मागं मी दिसले तसा त्यानं एक लाकडी खोकं पुढं सरकवून त्यावर फडकं झटकलं. त्यानं पाच शॉकप काढून मांडले. "ह्यात तुमचा असंल. न्हायतर बेळगावात न्हाय."

मी पिशवीतनं कागद काढला, उलटा केला आणि एकेका दांड्यावर धरला. दोन लगेच बाद झाले. तिसऱ्याची लांबी जुळली पण तो मध्ये वाकलेला नव्हता, सरळ होता. राहिले दोन. म्हाताऱ्याकडनं राख आणि चिंध्या मागून मी त्यांच्या पाठी घासल्या. एकाच्या पाठीवर आकडे नव्हतेच, कानसीनं घासून काढल्याचे ओरखडे होते, म्हणून तोही बाजूला ठेवला. दुसऱ्यावर आकडे होते आणि ते माझ्या कागदावरच्या आकड्यांशी जुळले. हे पुढं वाकले. मी दांडा पदरानं पुसला. गट्टूजवळ सांध्याची जाड रेघ दिसली. दांडा कधीतरी तुटला होता आणि डाग देऊन जोडला होता.

"न्हाय," मी म्हटलं.

म्हाताऱ्याला राग आला नाही. त्यानं माझा कागद हातात घेऊन उजेडाकडं धरला, कापलेल्या कडेवरनं अंगठा फिरवला.

"आक्का, असली गिऱ्हाइकं पयली यायची," तो म्हणाला. "आता 'असंच होतं' म्हणून घेऊन जात्यात." ह्यांनी दुसरीकडं बघितलं. म्हातारा कागद मला परत देत म्हणाला, "असल्याच एका गाडीची जोडी माझ्याकडं होती. मोडीत आलती. वरसाआधी वडगावच्या एका विणकरानं नेली. त्येला चालतात का मरतात ह्येच्याशी घेणंदेणं नव्हतं. मागाला वजन टांगायला पायजे होती. बघा जाऊन. दिली तर दिली."

वडगाव आमच्या वाटेवरच. येळ्ळूरला जायचा रस्ता तिथनंच जातो, आणि आमच्या घरातली लुगडी वर्षानुवर्षं तिथलीच. पत्ता विचारत गेलो. दारातनंच मागाचा आवाज येत होता. विणकर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता, आणि त्याची बायको ओसरीवर सुताच्या कांड्या भरत होती. तिनं आम्हाला बघून "बर्री, कूडरी," असं कानडीत म्हणत बसायला पाट दिले. बसलो. पाणी प्यालो. मग ह्यांनी सगळी हकीकत सांगितली. विणकरानं माग थांबवला नाही, पण ऐकत होता.

"हायत की," तो म्हणाला. "ती बघा."

मागाच्या पलीकडच्या टोकाला लुगड्याचे उभे धागे, म्हणजे ताणा, ताठ राहावा म्हणून दोरीनं दोन वजनं टांगली होती. कापसाच्या तुसानं ती पांढरी झाली होती. दांडे दोरीत अडकवलेले आणि गट्टू खाली लोंबकळत होते.

"पण आता काढता यायची न्हाईत. लुगडं निम्म्यावर आलंय. ताण सैल पडला की काठ वाकडा जातो. शापूरच्या सावकाराचं काम हाय, वाकडा काठ त्यो परत करतोय."

"काढू नका," मी म्हटलं. "नुसतं बघू द्या."

त्याची बायको माझ्याबरोबर आली. ताण्याखालनं वाकून मी टांगलेल्या वजनावर कागद धरला. डावीकडच्या वजनावर उलटा कागद पडला तो दांड्याच्या वाकण्यासकट बरोबर बसला. उजवीकडच्यावर सुलटा कागद बसला. जोडी एकाच गाडीची होती, एक डावा आणि एक उजवा. तूस पुसल्यावर आकडे दिसले. माझ्या कागदावरचेच आकडे, आणि डाव्यावर शेवटचं अक्षर तेवढं वेगळं. बुचाच्या कडेला काळा चिकट थर साचला होता. मी ओलं बोट फिरवून जिभेला लावलं. तूस, धूळ आणि त्याच्या खाली गोड.

विणकराची बायको तोंडावर पदर धरून हसायला लागली. "लोखंड चाटून घेत्यात व्हय तुमच्यात?"

मी तिला ग्लिसरीनचं सांगितलं तेव्हा तिनंही बोट लावून बघितलं आणि नवऱ्याला कानडीत काहीतरी म्हणाली. तोही हसला, आणि तेव्हा पहिल्यांदा त्यानं माग थांबवला.

त्याची अट साधी होती. लुगडं चार दिवसांत उतरेल. तोवर थांबायचं, आणि तेवढ्याच वजनाचं दुसरं काहीतरी त्याला आणून द्यायचं. ह्यांनी पोतं सोडून ते दोन चुकीचे शॉकप त्याच्यासमोर ठेवले. विणकरानं एकेक हातात घेऊन झोका दिला. "एक जरासं हलकं हाय. त्येला गारगोट्यांची पुरचुंडी बांधीन."

ते चार दिवस आम्ही येळ्ळूरला राहिलो. बारसं झालं. भाताची कापणी चालू होती. हे लग्नानंतर सासुरवाडीला कधी एका रात्रीपेक्षा जास्त राहिले नव्हते, कारखाना होता ना. पहिल्या दिवशी ते ओसरीवर अवघडून बसले. दुसऱ्या दिवशी माझ्या भावाबरोबर शेतावर गेले आणि विळा धरला. संध्याकाळी हाताला फोड घेऊन आले, पण नव्या तांदळाचा भात असा जेवले की माझ्या आईनं दोनदा भात टाकला. शेतावर भावाला ते शॉकपची गोष्ट सांगत होते. मी भाकरी घेऊन गेले तेव्हा बांधाआड मला ऐकू आलं.

"आम्ही दोन खेपा घातल्या. हिनं एका कागदावर काम केलं," ते म्हणत होते. मी खोकले, तसा त्यांनी पुन्हा विळा उचलला.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही वडगावला पोचलो तर लुगड्याचा पदर चालू होता. आम्ही बसून बघितलं. शेवटचा धागा आत गेला तेव्हा विणकरानं हात मागाच्या काठावर ठेवले आणि तसाच बसून राहिला. मग लुगडं उतरवलं. त्याच्या बायकोनं त्याचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि आम्ही दोघींनी ते ओढून घडी घातली. जांभळ्या रंगाचं, तांबड्या काठाचं लुगडं होतं. काठ सरळ होता.

विणकरानं शॉकप सोडून खाली ठेवले. ह्यांनी डावा उचलला, गट्टू मांडीशी धरला आणि दांडा हातात घेतला. वर नेला, सहज गेला. खाली ओढला, तर त्यांच्या दंडाची शीर दिसायला लागली. त्यांनी तो माझ्यापुढं धरला. मी दोन्ही हातांनी ओढलं. दांडा खाली आला, पण सावकाश, त्याच्या मर्जीनं. एक वर्ष मागाला टांगून, त्याआधी किती वर्षं मोडीत पडून, आणि तरी जिवंत होता. उजवाही आम्ही घेतला. असू दे, म्हटलं.

निपाणीत मिस्त्रीनं बूच काढून बघितलं. आत पदार्थ होता, पण कमी. त्याला एरंडेल भरायचं होतं, हाताशी तेच होतं. मी नको म्हटलं. बाजारात ग्लिसरीन मिळत नव्हतं. लढाईच्या कामाला लागतं म्हणून औषधाच्या दुकानातही हात वर करायचे. आमच्या फळीवर रासबेरीसाठी ठेवलेली एक बाटली होती, तीच मी आणून दिली.

"मग रासबेरी कशात करणार?" हे म्हणाले.

"न्हाय करायची. लोक लेमन पितील."

त्यानंतर दोन-अडीच महिने आमच्याकडं रासबेरी नव्हती. गिऱ्हाइकं विचारायची, आणि आप्पा गंभीर तोंड करून सांगायचे, "रासबेरी गाडीनं पिली."

शॉकप बसवल्यावरच्या पहिल्या बाजाराला आप्पा म्हणाले, मी मागं बसणार. हे नको म्हणत होते. आप्पांनी ऐकलं नाही. मागच्या डाव्या कोपऱ्यात पेटीवर पोतं टाकून, पटका कानावरनं बांधून ते बसले. पुढची जागा मोकळी राहिली. ह्यांनी दार उघडून माझ्याकडं बघितलं. मी पदर खोचून आत बसले. निपाणीचे रस्ते मी सहा वर्षं पायांनी चालले होते. काचेतनं ते वेगळेच दिसत होते. तंबाखूच्या वखारी मागं पडल्या, घाट सुरू झाला. वळणावरचे खड्डे मी जीव मुठीत धरून मोजत होते. एक खड्डा एवढा मोठा होता की माझं डोकं छताला लागलं. मी मागं वळून बघितलं. आप्पा एका हातानं हौद्याची कड धरून बसले होते, आणि दुसऱ्या हातानं तंबाखू मळायची त्यांची खटपट चालली होती. थोड्या वेळानं पुन्हा बघितलं तर त्यांनी ती तोंडात टाकलेलीही होती.

संकेश्वरात पेट्या उतरवल्या. एकही बाटली फुटली नव्हती. शेवटची पेटी उतरवताना मात्र ह्यांच्या हातातनं एक निसटली आणि दगडावर फुटली. आप्पा म्हणाले, "ह्येला कुठला शॉकप लावायचा?" बाजारातली माणसं वळून बघायला लागली, एवढे आम्ही तिघं हसलो.

दुपारपर्यंत माल संपला. आम्ही नदीकाठी जाऊन चिरमुरे आणि मिरचीची भजी खाल्ली. आप्पा झाडाखाली कलंडले. ह्यांनी गाडीखाली वाकून शॉकपला हात लावून बघितला, मग मला हाक मारून दाखवला. बुचाभोवती कोरडं होतं, कुठं पाझरलं नव्हतं.

"पुढच्या बाजाराला येणार न्हवं?" त्यांनी विचारलं.

"आप्पांनी मागं बसायला पायजे मग."

"बसतील. त्यास्नी मागंच आवडलंय."

मला ते खरं वाटलं नव्हतं, पण निघायच्या वेळी आप्पा कुणी काही म्हणायच्या आत हौद्यात चढून बसले होते. त्यानंतर बाजाराच्या दिवशी पहाटे बाटल्या भरून झाल्या की मी हात धुऊन गाडीत बसायची. घाटात खाली उतरताना ह्यांनी मला गियरच्या दांड्यावर हात ठेवून तो कसा बदलतो ते दाखवलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात एका मोकळ्या माळावर मी ती पिकप पहिल्यांदा स्वतः चालवली.